डोंगरी ते शरणपूर

सारसोळे हे नेरूळमधलं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत गावठाणाभोवती सेक्टर उभे राहिले. आज पाम बीच रस्ता ओलांडून गेलं की खाडीवर जेट्टी लागते, कोळ्यांच्या होड्या दिसतात, आणि पाण्यापलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर. ही खाडी पुढे मुंबई बंदराला मिळते. त्या बंदरातून कित्येक शतकं आफ्रिकेतली माणसं मराठी मुलखात उतरत राहिली. त्यांत सरदार होते, सैनिक होते, खलाशी होते, गुलाम होते आणि गुलामीतून सुटलेली लहान मुलंही होती.

सरदार आपल्याला ठाऊक आहेत. अहमदनगरची निजामशाही सांभाळणारा, 1610 मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर शाळेच्या पुस्तकात भेटतो. जंजिऱ्याचा सिद्दी तर शिवचरित्राच्या पानापानांत आहे. तलवार हातात असलेल्या आफ्रिकन माणसाची नोंद आपण नीट ठेवली. आगबोटीच्या भट्टीत कोळसा लोटणाऱ्याची आणि नाशिकच्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवणाऱ्या आफ्रिकन पोराची मात्र ठेवली नाही. या दुसऱ्या माणसांच्या वस्त्या पाहाव्यात म्हणून मी निघालो. अशा दोन जागा नवी मुंबईहून सहज गाठता येतात. एक डोंगरी, दुसरी नाशिकचं शरणपूर.

डोंगरीला जायला नेरूळहून हार्बर लाइनची गाडी पकडावी. या लाइनची शेवटची स्टेशनं म्हणजे सिद्दींच्या इतिहासाचा नकाशाच आहे. शिवडीला 1689 च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान सैन्य घेऊन उतरला. डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळच्या टेकडीवर, जिथे आता जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, तिथे माझगावचा किल्ला होता. तो त्याने घेतला आणि इंग्रजांना वर्षभराहून जास्त काळ मुंबईच्या कोटात कोंडून ठेवलं. कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये भरले, तेव्हा कुठे 1690 च्या जूनमध्ये सिद्दी परत फिरला. जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करून गेला. त्याआधीही जंजिऱ्याचं आरमार कित्येकदा पावसाळा काढायला माझगावच्या किनाऱ्याला लागायचं आणि मुंबईकरांना त्याचा जाच व्हायचा. उद्यानात वर चढून गेलं की खाली गोदीच्या याऱ्या आणि जहाजं दिसतात. मुंबईचा ताबा एका आफ्रिकन वंशाच्या दर्यासारंगाने जवळजवळ घेतला होता, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त खरं वाटतं.

पण माझं काम पुढच्या स्टेशनावर होतं. सँडहर्स्ट रोडला उतरून डोंगरीत शिरलं की चार नळ, इमामवाडा, उमरखाडी अशी नावं लागतात. अत्तराची दुकानं, बेकऱ्या, जुन्या लाकडी गॅलऱ्यांच्या चाळी, आणि गोदीकडे उतरत जाणारे रस्ते. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि या भागाचं रूप पालटलं. शिडाच्या गलबताला वारा लागतो, आगबोटीला आग लागते. जहाजाच्या पोटात, जीव गुदमरवणाऱ्या उष्म्यात, बॉयलरमध्ये सतत कोळसा घालत राहायचं काम. त्या कामावरच्या माणसाला बंदरात आगवाला म्हणत, आणि त्याला कोळसा आणून देणाऱ्याला कोळसेवाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले सिद्दी या कामावर मोठ्या संख्येने असत. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर ते होते, ब्रिटिश नौदलाच्या इंजिनखोलीतही होते. इंग्रज अधिकारी एकीकडे त्यांच्या ताकदीची वाखाणणी करत आणि दुसरीकडे ही माणसं जन्मतःच उष्णता सोसायला बनलेली आहेत असं लिहून मोकळे होत. पन्नास अंशांच्या उष्णतेसाठी कोणाचंच शरीर बनलेलं नसतं. पोट भरायला दुसरं काम मिळालं नाही, म्हणून माणूस तिथे उतरायचा.

दोन सफरींच्या मधला काळ हे खलाशी डोंगरीत काढत. पुढे मुंबईचे पोलीस कमिशनर असताना एस. एम. एडवर्ड्स यांनी 1912 मध्ये मुंबईच्या गल्लीबोळांवर एक पुस्तक काढलं, त्यात सिद्दींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांची नजर साहेबाची आहे आणि काही वाक्यं आज वाचवत नाहीत. तरीही त्या पानांमुळे एवढं पक्कं कळतं की शंभर वर्षांपूर्वी या शहरात सिद्दींची स्वतःची वस्ती होती, त्यांच्या जमाती होत्या आणि रात्री ढोलाच्या तालावर त्यांचे नाच रंगत.

तो ताल अजून संपलेला नाही. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. ते आफ्रिकेहून आलेले संत, अकीकाच्या व्यापाराशी त्यांचं नाव जोडलेलं. त्यांच्यासोबत बावा हबश आणि माई मिश्रा यांनाही सिद्दी मानतात. मुंबईतल्या सिद्दींनी आपल्या पीराची आठवण इथेही चिल्ला, म्हणजे स्मरणाचं स्थान, बांधून जपली. उरूस असला की धमाल हा त्यांचा भक्तीचा नाच होतो. मुगरमान नावाचा उंच, पायांवर उभा राहणारा ढोल, हातातला लहान मुसिंडो, आणि मालुंगा, म्हणजे धनुष्याला भोपळा बांधून केलेलं एकतारी वाद्य. ढोल हळू सुरू होतो, मग वेग चढत जातो आणि नाचणाऱ्याच्या अंगात पीर येतो. बावा गोर यांच्या भक्तांत मुंबईचे पारशीही पिढ्यान् पिढ्या आहेत. नवस बोलायला, फेडायला ते येतात. शहरात एवढ्या वेगळ्या दोन समाजांची गाठ एका आफ्रिकन संताच्या दारात पडावी, ही मला मुंबईची फार मोठी गोष्ट वाटते.

आता डोंगरीत सिद्दी कुटुंबं फार थोडी उरली आहेत. आगबोटी डिझेलवर गेल्या, कोळसेवाला हे कामच नाहीसं झालं. काही घरं गुजरातेतल्या नातलगांकडे गेली, काही शहरात विरघळली. वस्ती म्हणून जे होतं ते इमारतींत कमी आणि उरुसाच्या रात्री जास्त सापडतं.

याच बंदरात 13 जून 1864 रोजी एक लहानशी आगबोट शिरली. नाव लेडी न्यासा. ती चालवत आणली होती आफ्रिका धुंडाळणारे मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी, झांजिबारहून सुमारे अडीच हजार मैल, पावसाळा डोक्यावर असताना. बोटीवर थोडेसे गोरे खलाशी आणि काही आफ्रिकन होते. त्यांत सुसी आणि अमोडा हे दोन तरुण, आणि चुमा व विकातानी हे दोन किशोर. चुमा आणि विकातानी याओ जमातीचे, आजच्या मलावीच्या भागातले. 1861 मध्ये गुलामांच्या एका तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. लिव्हिंग्स्टन यांनी बोट मुंबईत विकायला ठेवली आणि ते इंग्लंडला गेले. सुसी आणि अमोडा गोदीत कामाला लागले. मुलांना ठेवलं डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे.

विल्सन म्हणजे विल्सन कॉलेजवाले. त्यांच्या मिशनची जुनी जागा गिरगावात आंब्रोलीला, तिथलं चर्च अजून आहे. मी डोंगरीहून तिकडे गेलो ते केवळ या मुलांसाठी. गिरगावच्या चाळींच्या गर्दीत हे चर्च चटकन लक्षात येत नाही. विल्सन यांची ही शाळा आफ्रिकन मुलांना नवखी नव्हती. इथिओपियातले दोन भाऊ त्यांच्याकडे शिकून गेले होते आणि त्यांतला मिर्चा वर्के पुढे इथिओपियाच्या सम्राटाचा वकील म्हणून युरोपात गेला. चुमा इथे लिहा-वाचायला शिकला. 1865 च्या डिसेंबरमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो जेम्स चुमा झाला. मुंबईत त्या वेळी कापसाच्या पैशाने शेअरबाजाराला तेजी आली होती. पुढे बाजार कोसळला, त्यात लिव्हिंग्स्टन यांचे बोट विकून आलेले पैसेही बँकेसकट बुडाले.

1865 मध्ये लिव्हिंग्स्टन परत मुंबईत आले, तेव्हा त्यांना पुढच्या मोहिमेसाठी माणसं हवी होती. ती मिळाली नाशिकला.

नाशिकला जायला नवी मुंबईकरांना ठाण्याहून सकाळची तपोवन एक्सप्रेस सोयीची. नेरूळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी आहे. कसाऱ्यानंतर गाडी थळ घाट चढू लागते, मागून जोर लावणारी इंजिनं जोडली जातात आणि खिडकीतून दऱ्या दिसू लागतात. हा घाटातला लोहमार्ग 1865 मध्ये सुरू झाला. त्याआधी शरणपूरला आलेल्या मुलांना हा चढ सडकेनेच चढावा लागला. आणि घाट हा त्यांच्या प्रवासाचा शेवटचा, सगळ्यात सोपा टप्पा.

त्यांचा प्रवास कुठून सुरू झाला होता? न्यासा सरोवराच्या आसपास, आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानियाच्या सीमा जिथे भेटतात तिथे. गावावर धाड पडायची, किंवा दुष्काळात, कर्जात पोर विकलं जायचं. गळ्याला लाकडाचं जोखड, महिनोन् महिने पायपीट, मग किल्वाचं बंदर. तिथून गलबतात कोंबून झांजिबार. झांजिबारच्या बाजारातून कोणी लवंगांच्या मळ्यांत, कोणी अरबस्तानात, कोणी इराणी आखातात. ब्रिटिश नौदलाची गस्तीची जहाजं या गलबतांवर छापे घालत. सापडलेल्या माणसांना परत गावी नेणं शक्य नव्हतं. गाव शिल्लक असेल याची खात्री नव्हती, आणि मूल लहान असेल तर त्याला गावाचं नावही सांगता यायचं नाही. म्हणून त्यांना एडनला किंवा मुंबईला आणत. मुंबईत मोठ्यांना कामाला लावत आणि मुलांना कोणाच्या तरी घरी किंवा मिशनकडे सोपवत.

चर्च मिशनरी सोसायटी नाशिकला 1832 पासून होती. 1850 च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर मोकळ्या माळावर शरणपूर वसवलं. धर्मांतरामुळे घरातून, जातीतून बाहेर पडलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी ते गाव होतं. त्यात चर्च, शाळा, अनाथालय, कारखाने. 1860 च्या सुमारास त्यातच सुटका झालेल्या आफ्रिकन मुलामुलींसाठी आश्रम सुरू झाला. काही काळ इथलं काम सी. डब्ल्यू. आयझेनबर्ग यांच्याकडे होतं. ते स्वतः पूर्वी इथिओपियात मिशनरी होते.

आज शरणपूर नाशिकच्या पोटात आहे. नाशिक रोड स्टेशनाहून नऊ-दहा किलोमीटर. सीबीएस, त्र्यंबक नाका, तिथून शरणपूर रोड. महापालिकेचं मुख्यालय राजीव गांधी भवन याच रस्त्यावर. पुढे कॅनडा कॉर्नर. कपड्यांची मोठी दुकानं, दवाखाने, बँका, खाण्याच्या गाड्या, दुचाक्यांची गर्दी. नाशिककराला पत्ता सांगताना दिवसातून दहा वेळा हे नाव तोंडात येतं. त्या गजबजाटातून सेंट अँड्र्यूज चर्चकडे वळलं की जुन्या गावाची खूण पटू लागते. झाडं दाट होतात, रस्त्याचा आवाज मागे पडतो. मराठी ख्रिस्ती कुटुंबं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. रविवारी इथली उपासना मराठीत होते आणि मराठी ख्रिस्ती गीतं म्हटली जातात. इथल्या पाद्र्याच्या, शिक्षकाच्या, सुताराच्या पूर्वजांशेजारी एकेकाळी याओ, माकुआ, न्यासा अशा जमातींची मुलं एकाच बाकावर बसत होती, एवढं मनात ठेवून मी त्या आवारात पुष्कळ वेळ फिरलो.

आश्रमातला दिवस दोन भागांत वाटलेला असे. काही वेळ शाळा, काही वेळ हातकाम. मुलगे सुतारकाम, लोहारकाम शिकत. मुली शिवण आणि घरकाम. आसपासच्या मराठी आणि हिंदुस्थानी बोलीत त्यांचं बोलणं होई, शाळेत इंग्रजी. वयात आल्यावर आश्रमातल्याच मुलामुलींची लग्नं लावून दिली जात. नावं सगळी बदलली. याओ मुलुखात ज्याचं नाव चेंग्विंबे होतं, तो इथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. एक मुलगा सायमन प्राइस, एक रिचर्ड आयझेनबर्ग, म्हणजे सांभाळणाऱ्या पाद्र्यांचीच आडनावं मुलांना लागली. आईने ठेवलेलं नाव, आईची बोली, आईचा देव, तिन्ही एकदम काढून घेतली गेली. गुलामीतून सुटलेल्या पोराला अन्न, छप्पर आणि हुन्नर मिळाला हे खरं, त्यामुळे कित्येकांचा जीव वाचला हेही खरं. पण त्याला कोणी विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि शरणपूरच्या आवारात फिरताना या दोन्ही गोष्टींपैकी एकही बाजूला सारता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे मराठी ख्रिस्ती घराचा आतला आवाज आपल्याला ऐकू येतो. शरणपूरच्या एखाद्या आफ्रिकन मुलीने तसं काही लिहून ठेवलं असतं, तर आपल्या साहित्यात केवढी भर पडली असती!

1865 मध्ये या आश्रमातून नऊ मुलगे लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेसाठी निघाले. जानेवारी 1866 मध्ये थूल नावाच्या जहाजातून मुंबई सोडली, तेव्हा सोबत मुंबई सैन्यातले तेरा शिपाई, चुमा आणि विकातानी, आणि हे नाशिकचे नऊ जण होते. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत ते 'नाशिक बॉइज' म्हणून येतात आणि बहुतेक वेळा तक्रारीच्याच सुरात. आळशी आहेत, वाद घालतात, मागे रेंगाळतात. शिपाई तर काही महिन्यांतच परत फिरले. रिचर्ड आयझेनबर्ग वाटेतच आजाराने गेला. जेम्स रटन 1871 मध्ये मान्येमाच्या रानात बाणाला बळी पडला. काही जण मोहीम सोडून गेले. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्या वाटेवरून लहानपणी साखळीत बांधून नेलं, त्याच वाटेवरून, त्याच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांना ओलांडत पुन्हा आत शिरायचं होतं. एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत टिकला. सुसी आणि चुमाही.

1872 मध्ये लिव्हिंग्स्टन यांना शोधत आलेले पत्रकार स्टॅन्ली यांनी त्यांच्यासाठी माणसांची नवी तुकडी पाठवली. त्यातही नाशिकचे सहा जण होते: जेकब वेनराइट, त्याचा भाऊ जॉन, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन. वर्षभरात, 1 मे 1873 च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, एका झोपडीत लिव्हिंग्स्टन पलंगाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मेलेले आढळले.

पुढे जे घडलं ते सांगायला कोणी गोरा माणूस तिथे नव्हता. सगळे निर्णय या माणसांनीच घेतले. प्रेत समुद्रापर्यंत न्यायचं ठरलं. फरिजाला नावाच्या माणसाने पूर्वी एका डॉक्टरकडे काम केलं होतं. त्याने कॅरस फॅररच्या मदतीने प्रेत उघडून हृदय आणि आतडी काढली. ती झाडाखाली पुरली आणि जेकब वेनराइटने प्रार्थनेच्या पुस्तकातून अंत्यविधी वाचला. त्याच झाडाच्या बुंध्यावर त्याने नाव आणि तारीख कोरली. नाशिकच्या शाळेत शिकलेलं वाचन आणि हातात आलेला पटाशीचा सराव आफ्रिकेच्या मध्यभागी असे उपयोगी पडले. प्रेत मीठ लावून, दोन आठवडे उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं, वर शिडाचं कापड शिवून डांबर लावलं.

मग नऊ महिने चाल. वाटेत आजार, लढाई, उपासमार. प्रेत घेऊन गावातून जाऊ देणं हा बऱ्याच ठिकाणी अपशकुन समजला जाई. उन्यान्येंबेला त्यांना इंग्रजांची मदतमोहीम भेटली. तिचा म्होरक्या कॅमेरॉन म्हणाला, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. पुढे विरोध वाढला तेव्हा त्यांनी एक खोटं गाठोडं तयार करून, प्रेत परत पाठवतोय असं भासवलं, आणि खरं प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून पुढे नेलं. फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले.

तिथून इंग्लंडला प्रेतासोबत फक्त जेकब वेनराइट गेला. चर्च मिशनरी सोसायटीने त्याचं भाडं भरलं. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्ययात्रेचा मान ज्यांना मिळाला, त्या मानकऱ्यांत शरणपूरला शिकलेला हा याओ तरुण होता. सुसी आणि चुमा नंतर तिथे पोचले आणि लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या रोजनिशीचं पुस्तक तयार व्हायला त्यांनी मदत केली. ॲबीतल्या शिळेवर लिहिलं आहे की विश्वासू हातांनी हे प्रेत इथवर आणलं. त्या हातांच्या मालकांची नावं तिथे नाहीत. ती नाशिककरांना तरी पाठ असावीत असं मला फार वाटतं.

शरणपूरची गोष्ट इथे संपली असती तर ती एका साहेबाच्या चरित्रातलं परिशिष्ट ठरली असती. ती तशी नाही. कारण या वस्तीने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुसरी वस्ती उभी केली.

1864 मध्येच शरणपूरचे विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे मोंबासाजवळच्या राबाई गावी गेले होते. नाशिकचाच जॉर्ज डेव्हिडही तिथे काम करू लागला. आफ्रिकन किनाऱ्यावर लोक त्यांना आणि पुढे आलेल्या सगळ्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणू लागले. 1873 मध्ये झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करायचा करार केला. तो घडवून आणणारे सर बार्टल फ्रिअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते आणि नाशिकचा आश्रम त्यांना माहीत होता. सुटलेल्या गुलामांना आता समुद्र ओलांडून नाशिकला आणायचं कारण उरलं नाही. आफ्रिकेतच त्यांच्यासाठी गाव हवं होतं. ते वसवायला सोसायटीने प्राइस यांनाच पाठवलं. मोंबासा बेटासमोर, मुख्य भूमीवर 1875 मध्ये फ्रिअर टाउन उभं राहिलं. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम बंद झाला आणि सुमारे दीडशे बॉम्बे आफ्रिकन्स तिकडे गेले. सुतार, लोहार, शिक्षक, दुभाषे, बायका, पोरं. ज्या माळावर ते लहानाचे मोठे झाले, तो सोडून ज्या भूमीची आठवण पुसट झाली होती तिथे.

फ्रिअर टाउनमध्ये त्यांचं स्थान सोपं नव्हतं. त्यांना इंग्रजी येत होतं, हुन्नर येत होता, आणि त्यांना आपली किंमत ठाऊक होती. नव्याने आलेले काही गोरे मिशनरी त्यांना बरोबरीचं मानायला तयार नव्हते. पगार कमी, अधिकार कमी, आणि वर उद्धटपणाचा शिक्का. त्यांनी ते मुकाट्याने सोसलं नाही. तक्रारी लिहिल्या, काम सोडलं, नवे मार्ग शोधले.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो विल्यम जोन्स. शरणपूरला लोहारकाम शिकलेला हा माणूस 1885 मध्ये सेमलरसोबत दीक्षित झाला. पूर्व आफ्रिकेतल्या पहिल्या आफ्रिकन धर्मगुरूंत दोघांची गणना होते. त्याच वर्षी तो बिशप हॅनिंग्टन यांच्यासोबत युगांडाकडे निघाला. हॅनिंग्टन पुढे गेले आणि मारले गेले. मागे थांबलेल्या तांड्याला जोन्सने सुखरूप किनाऱ्यावर आणलं. राबाईला त्याच्या वस्तीत मळ्यांतून पळालेले गुलाम आश्रयाला येत. मालक येऊन दमदाटी करत, सोसायटीचे वरिष्ठही त्याच्यावर नाराज असत, कारण कायद्याने ते गुलाम मालकांचे होते. जोन्सने त्यांना बाहेर काढलं नाही. प्रकरण इतकं पेटलं की ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी यांना मालकांना भरपाई द्यावी लागली. 1 जानेवारी 1889 रोजी राबाईला चौदाशेच्या वर माणसांच्या हातात सुटकेचे कागद पडले. लहानपणी स्वतः विकला गेलेला माणूस त्या दिवशी तिथे उभा होता.

नाशिकला जाणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. रामकुंड, काळाराम, पांडवलेणी पाहायला एक दिवस लागतोच. त्यात सकाळचे दोन तास शरणपूरसाठी ठेवावेत. चर्चच्या आवारात जायचं तर आधी विचारून, उपासनेची वेळ टाळून जावं. डोंगरीतही चिल्ल्यावर डोकं झाकून, चपला बाहेर काढून जावं, आणि नाच बघायला म्हणून न जाता उरुसाला म्हणून जावं. मुरुडला जंजिऱ्यावर जाणार असाल तर राजपुरीहून होडी मिळते, आणि ती सफर या दोन्ही वस्त्या पाहिल्यानंतर केली तर तिथल्या तोफांपलीकडचंही काही दिसेल. शाळांच्या सहली दरवर्षी जंजिऱ्याला जातात. त्यांतल्या एखाद्या शाळेने शरणपूरही घ्यावं. इतिहासाच्या तासाला मलिक अंबर शिकवताना जेकब वेनराइट शिकवायला पाच मिनिटंही पुरतील.

आणि कोणी मराठी माणूस नोकरीनिमित्त मोंबासाला असेल तर त्याने न्यालीच्या वाटेवर केंगेलेनीला उतरावं. गुलामांचे व्यापारी येताहेत असा इशारा द्यायला फ्रिअर टाउनमध्ये जी घंटा वाजवत, तिचा छोटा मनोरा तिथल्या चौकात अजून आहे, आजूबाजूला मटाटूंची, म्हणजे प्रवासी मिनीबसची, रांग लागलेली असते. फ्रिअर टाउन आज मोंबासाचं एक दाट उपनगर आहे. तिथेच वाढलेल्या जेम्स म्बोटेला यांनी 1934 मध्ये गुलामांच्या सुटकेवर स्वाहिलीत पुस्तक लिहिलं, ते पूर्व आफ्रिकेत घराघरांत वाचलं गेलं. चितांबोच्या झोपडीपासून बागामोयोपर्यंत चाललेला मॅथ्यू वेलिंग्टन याच मोंबासात म्हातारा झाला. त्याच्याकडून लिव्हिंग्स्टन यांच्या आठवणी ऐकायला पाहुणे येत, 1930 मध्ये त्याचं छोटं चरित्रही निघालं. तो 1935 मध्ये वारला.